चेक लाइट घालवली की दोन दिवसांनी परत लागते? जुन्या पेट्रोल गाडीत मूळ कारण असं शोधा

गॅरेजात स्कॅनर लावतात, गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला दोषाचा कोड पुसतात, लाइट जाते. दोन-तीन दिवस गाडी छान चालते आणि मग एका सकाळी पिवळं इंजिन डॅशबोर्डवर पुन्हा हजर. मग ऑक्सिजन सेन्सर बदलून होतो. थोडे दिवस बरे जातात आणि परत तेच. दहा-बारा वर्षं वापरलेल्या पेट्रोल किंवा पेट्रोल-सीएनजी गाड्यांच्या बाबतीत ही तक्रार मी सतत ऐकतो. जवळजवळ प्रत्येक वेळी घडलेलं असतं ते असं: कोडमध्ये ज्या भागाचं नाव आलं तो भाग बदलला गेला, पण तो कोड का पडला हे कुणी पाहिलंच नाही.

उदाहरणार्थ पी०१७१ हा कोड. त्याचा अर्थ ‘मिश्रण पातळ’, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. ऑक्सिजन सेन्सरने ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) कळवलं की सायलेन्सरमधून येणाऱ्या धुरात ऑक्सिजन जास्त आहे, एवढाच त्याचा अर्थ. सेन्सर इथे खबर देणारा आहे. खबर वाईट आली म्हणून तो बदलला, तर नवा सेन्सरही तीच खबर देणार.

सुरुवातीला एवढं पाहा: लाइट स्थिर आहे की लुकलुकते? गाडी चालू असताना लुकलुकत असेल तर इंजिनात जोरदार मिसिंग आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे ‘कॅट’मध्ये, जाऊन तिथे जळतं आणि कॅट इतकी तापते की आतली जाळी वितळू शकते. ॲक्सिलरेटर सोडा, गाडी बाजूला घ्या, शक्यतो टो करून न्या. स्थिर लाइट असेल आणि गाडी नीट ओढत असेल, तर शांतपणे तपासायला वेळ आहे. तेलाची लाल लाइट किंवा तापमानाचा काटा वर जाणं ही वेगळी गोष्ट. तिथे इंजिन ताबडतोब बंद करायचं.

कोड पुसण्याआधी

बहुतेक कोड एका वेळेच्या चुकीने लाइट लावत नाहीत. ईसीयू पहिल्या वेळी नोंद ‘पेंडिंग’ ठेवतो आणि पुढच्या फेरीतही (गाडी सुरू करून, चालवून, बंद करेपर्यंत एक फेरी) तीच चूक दिसली की लाइट लावतो. त्यानंतर सलग तीन फेऱ्या चूक दिसली नाही तर लाइट आपोआप जाते. कोड मात्र साधारण चाळीस वेळा इंजिन थंड अवस्थेतून गरम होईपर्यंत आठवणीत राहतो. म्हणजे दिवा गेला याचा अर्थ दोष गेला असा नाही.

पुसल्यावर दोन दिवस आराम का मिळतो, याचं उत्तरही इथेच आहे. ईसीयू रोजच्या चालण्यातून शिकत असतो की या इंजिनाला ठरल्यापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी इंधन द्यावं लागतं. त्या शिकलेल्या आकड्याला लाँग टर्म फ्युएल ट्रिम म्हणतात. कोड पुसला किंवा बॅटरीची तार काढली की हा आकडा शून्यावर येतो. मग ईसीयू पुन्हा हळूहळू शिकतो, आकडा चढत जातो, मर्यादेला टेकतो आणि लाइट लागते. ते दोन दिवस म्हणजे आकडा चढायला लागलेला वेळ. दुरुस्तीचा त्यात काहीही वाटा नसतो.

पुसताना आणखी एक मौल्यवान गोष्ट जाते, ती म्हणजे फ्रीझ फ्रेम. कोड पडला त्या क्षणी आरपीएम किती होते, वेग किती होता, इंजिन किती गरम होतं, लोड किती होता, ट्रिम किती होती, हे सगळं ईसीयू जपून ठेवतो. कोड थंड इंजिनावर सकाळी पडला की घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये, यावर अर्धं निदान अवलंबून असतं. म्हणून गॅरेजमध्ये गेल्यावर आधी सांगा: “दादा, पुसू नका, आधी फोटो काढू द्या.”

स्वतःकडे स्कॅनर असला तर फारच चांगलं. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात ब्लूटूथचा ईएलएम३२७ अडॅप्टर बसतो आणि मोबाइलवर ॲप चालतं. आपल्याकडे १ एप्रिल २०१० पासून ओबीडी-१ (गाडीने स्वतःचे दोष नोंदवण्याची व्यवस्था) आणि १ एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ बंधनकारक झालं. त्यामुळे २०१३ नंतरच्या पेट्रोल गाडीत हा अडॅप्टर बहुधा जोडला जातो. त्याआधीच्या गाड्यांचा भरवसा नाही. सॉकेट तेच दिसतं, पण आतली भाषा कंपनीची स्वतःची असू शकते. अशा गाडीसाठी त्या कंपनीचं सॉफ्टवेअर असलेला स्कॅनर वापरणारं गॅरेज गाठावं. घेताना नुसता कोड वाचणारा स्कॅनर घेऊ नका. लाइव्ह डेटा आणि फ्रीझ फ्रेम दिसलीच पाहिजे.

आधी वीज तपासा

एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार कोड एकदम आले असतील, तर सेन्सरच्या मागे लागू नका. मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.४ ते १२.६ व्होल्ट हवेत. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. आता हेडलाइट आणि ब्लोअर लावून मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिनच्या कोऱ्या धातूवर ठेवा. आकडा ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा त्याखाली हवा. अर्धा व्होल्ट दिसला तर इंजिनची अर्थिंगची पट्टी गंजली आहे किंवा बोल्ट सैल आहे. कोकणात समुद्राच्या काठावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे फार दिसतं. पट्टी काढून पॉलिश पेपरने घासली की काम होतं.

दुसरी गोष्ट पाच व्होल्टची. थ्रॉटल सेन्सर, मॅप सेन्सर (इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा) वगैरेंना ईसीयू पाच व्होल्ट पुरवतो, आणि बऱ्याच गाड्यांत ही वायर सामाईक असते. एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की बाकीच्यांचेही कोड पडतात. एकेका सेन्सरचा कपलर (वायरींचा जोड) काढत जा. ज्याचा काढल्यावर पाच व्होल्ट परत येतात तो दोषी.

आणि उंदीर. पावसाळ्यात कोरड्या उबदार जागेसाठी ते बोनेटखाली शिरतात आणि वायरीचं आवरण कुरतडतात. इंजेक्टरचं हार्नेस (वायरींचा जुडगा), बॅटरीच्या खालची जागा आणि फायरवॉलजवळचा कोपरा टॉर्चने पाहा. लेंड्या, कापडाचे तुकडे, शेंगांची टरफलं दिसली की वायरी बोटांनी चाचपून तपासा. तुटलेली वायर पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणं म्हणजे पुढच्या पावसात तीच लाइट पुन्हा लागण्याची सोय करणं. सोल्डर करून वर हीट श्रिंक चढवा. ऑक्सिजन सेन्सरच्या स्वतःच्या वायरी मात्र सोल्डर करू नयेत: काही सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या आवरणातूनच घेतात आणि सोल्डरच्या फ्लक्सने ती वाट बुजते. तिथे क्रिंपचा जोड द्यावा.

ऑक्सिजन सेन्सरच्या आतल्या हीटरचा पी०१३५ आला असेल तर सेन्सर मागवण्याआधी फ्यूज पाहा. मग कपलर काढून, इंजिन चालू ठेवून, हार्नेसच्या बाजूला बारा व्होल्ट येतात का ते पाहा. सेन्सरच्या चार वायरींपैकी सारख्या रंगाच्या दोन बहुधा हीटरच्या असतात. त्यांच्यातला रोध काही ओहम इतकाच हवा; मीटरने ‘ओपन’ दाखवलं तरच हीटर जळालेला आहे आणि तेव्हा सेन्सरचा खर्च योग्य.

पी०१७१: सगळ्यात चिवट कोड

या कोडवर जरा थांबू या, कारण परत परत येणाऱ्या लाइटमागे हाच असण्याची शक्यता मोठी, आणि चुकीचे भाग बदलले जातात तेही इथेच.

गाडी पूर्ण गरम करा. लाइव्ह डेटात शॉर्ट टर्म (त्या क्षणाची दुरुस्ती) आणि लाँग टर्म ट्रिम उघडा आणि दोन्हींची बेरीज करा. शून्यापासून दहा टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असेल तर ठीक. अधिक वीस-पंचवीसच्या पुढे गेली की ईसीयू हात टेकतो आणि पी०१७१ टाकतो. ही बेरीज तीन वेळा लिहून ठेवा: स्लोवर (ॲक्सिलरेटर न दाबता) उभी असताना, जागेवर २५०० आरपीएम धरून, आणि चढावर जोर लावताना. पहिले दोन आकडे उभ्या गाडीत घेता येतात. तिसऱ्यासाठी शेजारी कुणालातरी बसवा, चालवताना मोबाइलकडे पाहू नका.

आता तुमच्या गाडीत हवा कशी मोजली जाते ते पाहा. एअर फिल्टरच्या लगेच पुढच्या नळीत सेन्सर असेल आणि लाइव्ह डेटात हवा ‘ग्रॅम प्रति सेकंद’ दिसत असेल तर तो एमएएफ, म्हणजे आत येणाऱ्या हवेचं वजन मोजणारा सेन्सर. टोयोटा कोरोला आल्टिसमध्ये असा आहे. इनटेक मॅनिफोल्डवर बसलेला असेल आणि आकडा किलोपास्कलमध्ये असेल तर मॅप सेन्सर. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या हॅचबॅक मॅपवाल्या आहेत.

हा फरक फार महत्त्वाचा आहे. यूट्यूबवरचे बहुतेक अमेरिकी व्हिडिओ पी०१७१ म्हटलं की व्हॅक्यूम गळती शोधायला सांगतात. एमएएफच्या गाडीत ते बरोबर आहे: सेन्सरच्या पुढे चिरलेल्या नळीतून शिरलेली हवा मोजलीच जात नाही, म्हणून मिश्रण पातळ होतं. स्लोवर ट्रिम खूप जास्त आणि २५०० वर बरीच कमी, ही तिची खूण. मॅपच्या गाडीत मात्र आगंतुक हवेने मॅनिफोल्डमधला दाब वाढतो, तो सेन्सरला दिसतो आणि ईसीयू त्या हिशेबाने पेट्रोलही वाढवतो. त्यामुळे तिथे गळती असली की आधी स्लो चढतो किंवा वरखाली होतो आणि पी०५०७ (स्लो प्रमाणापेक्षा जास्त) सारखा कोड येतो. मॅपच्या गाडीत स्लो अगदी शांत असेल आणि तरी पी०१७१ येत असेल, तर व्हॅक्यूमच्या नळ्या बदलण्यात पैसे घालू नका.

मग काय पाहायचं? मॅप सेन्सर खरं बोलतो का, ते आधी. किल्ली चालू, इंजिन बंद अशा स्थितीत त्याने बाहेरच्या हवेचा दाब दाखवला पाहिजे. मुंबईत सुमारे १००, पुण्यात ९५ च्या आसपास, महाबळेश्वरला ८६-८७ किलोपास्कल. पुण्यात उभी गाडी ८५ दाखवत असेल तर सेन्सर दाब कमी सांगतो आहे आणि ईसीयू पेट्रोल कमी सोडतो आहे. इंजिन गरम होऊन स्लोवर आलं की आकडा साधारण २५ ते ४० च्या दरम्यान यावा.

मॅप ठीक निघाला तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गॅस्केट. सेन्सरच्या आधी बारीक फट असेल तर धुराच्या दोन झोतांमधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला खोटा ऑक्सिजन दिसतो. सकाळी थंड इंजिनावर टिकटिक आवाज येतो आणि गरम झाल्यावर तो बुजतो; गॅस्केटजवळ काळा डाग दिसतो.

त्यानंतर पेट्रोलचा पुरवठा. स्लोवर ट्रिम ठीक, २५०० वर जास्त आणि चढावर सगळ्यात जास्त, असं दिसलं तर पंप, फिल्टर किंवा इंजेक्टर. माझ्या मावशीच्या सीएनजी बसवलेल्या हॅचबॅकमध्ये नेमकं हेच होतं. स्लोवर अधिक पाच, चढावर अधिक वीसच्या पुढे, आणि तोवर ऑक्सिजन सेन्सर बदलून झालेला. इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या फ्युएल रेलवर प्रेशर गेज लावल्यावर स्लोवर दाब ठीक होता, पण रेस दिल्यावर खाली बसत होता. सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांत पंप असा अशक्त का होतो, ते सांगतो. टाकीतला पंप भोवतीच्या पेट्रोलने थंड राहतो. गाडी गॅसवर चालते म्हणून टाकी कायम रिझर्व्हवर ठेवली, की पंप अर्धा उघडा पडतो, तापतो आणि तळाचा गाळही ओढतो. शिवाय तळाशी महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या पेट्रोलने इंजेक्टरच्या तोंडाशी राळेसारखा थर बसतो. गॅसची गाडी असली तरी पाव टाकी पेट्रोल ठेवा, आणि आठवड्यातून काही किलोमीटर तरी पेट्रोलवर चालवा.

आता इथेनॉलचं. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठलं आणि पंपावर मिळतं ते आता बहुधा ई२०. शुद्ध पेट्रोलच्या एक किलोला पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते. ई१० ला सुमारे १४.१ आणि ई२० ला सुमारे १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला ई१० पेक्षा ई२० चार-पाच टक्के जास्त लागतं, आणि ट्रिमही तेवढीच वर सरकते. निरोगी इंजिन हे सहज सावरतं. पण पंप थकल्यामुळे जी गाडी आधीच अधिक १६-१७ वर चालली होती ती याने मर्यादेपलीकडे जाते, आणि मालकाला वाटतं की लाइट इंधनामुळे लागली. इंधनाने शेवटचा धक्का दिला. मूळ दुखणं आधीपासून होतं, आणि तेच दुरुस्त करायचं आहे. जुन्या गाडीत पेट्रोलच्या रबरी नळ्या फुगल्या किंवा चिकट झाल्या आहेत का, हेही त्याच वेळी पाहून घ्या.

गॅसवर की पेट्रोलवर?

सीएनजी गाडीत हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला पाहिजे. कोड लिहून घेतल्यावर पुसा आणि काही दिवस गाडी फक्त पेट्रोलवर चालवा. लाइट लागली नाही तर गॅस किटचं ट्यूनिंग, गॅस फिल्टर किंवा रेड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) तपासायचा. लागली तर दोष पेट्रोलच्या बाजूचा किंवा दोन्हींना सामाईक, म्हणजे प्लग, कॉइल, मॅप, एक्झॉस्ट. बिघडलेल्या गॅस ट्यूनिंगवर चालताना ईसीयू चुकीची ट्रिम शिकतो आणि पेट्रोलवर आल्यावर गाडी झटके देते, हेही लक्षात असू द्या. किटचं काम अधिकृत फिटरकडूनच करून घ्या. गॅसच्या जोडांना स्वतः पाना लावू नका. सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट झाली आहे का, तेही त्याच फेरीत पाहून घ्या.

गॅसवर ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून पेट्रोलवर ठीक चालणारी गाडी गॅसवर जोर लावताच मिसिंग करते आणि पी०३०० ते पी०३०४ पैकी कोड टाकते. प्लगची फट वापराने वाढलेली असते. किट बसवणाऱ्याने सांगितलेल्या मापावर, बहुधा ०.७-०.८ मिमीवर, ती आणा किंवा प्लग नवे घाला. एकाच सिलिंडरचा कोड येत असेल तर त्यावरचा कॉइल शेजारच्या सिलिंडरवर बसवा. कोड कॉइलबरोबर सरकला तर कॉइल खराब. जागेवरच राहिला तर प्लगची अदलाबदल करून पाहा, मग इंजेक्टर, आणि शेवटी कॉम्प्रेशन. या अदलाबदलीला एक पैसा लागत नाही, तरीही चारही कॉइल एकदम बदलायचा सल्ला दिला जातो. तो मानू नका.

पी०४२० म्हणजे कॅट नीट काम करत नाही. कॅट महाग असते, म्हणून ती शेवटी. मिसिंग आणि ट्रिम आधी दुरुस्त झाली पाहिजे, एक्झॉस्टमध्ये फट नसली पाहिजे. मग पुढच्या आणि मागच्या सेन्सरचे आलेख एकत्र पाहा. पुढचा ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वरखाली होतो, मागचा ०.६-०.७ च्या आसपास जवळपास स्थिर हवा. मागचाही पुढच्यासारखाच नाचत असेल तर कॅट गेली. इंजिन तेल पीत असेल तर नवी कॅटही तशीच मरेल, तेव्हा तेलाचं आधी पाहा.

पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट करा, हा सल्ला नेटवर सगळीकडे दिसतो. तो अमेरिकेतल्या गाड्यांसाठी आहे. तिथे टाकीतली वाफ कुठे गळते का हे ईसीयू तपासतो. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत ती व्यवस्था साधारणपणे नसते. झाकण घट्ट करा, पण लाइट त्याने जाईल ही आशा धरू नका.

मेकॅनिककडे जाताना कोड, फ्रीझ फ्रेमचे फोटो आणि ट्रिमचे तीन आकडे कागदावर लिहून न्या. तपासणीचे पैसे वेगळे देतो हे आधीच सांगा. चांगला माणूस तास-दीड तास शोधण्यात घालवतो, आणि त्याला फक्त भाग विकूनच पैसे मिळणार असतील तर तो भागच विकेल.

दुरुस्तीनंतर कोड पुसा, आणि या वेळी लाइटची वाट पाहत बसू नका. थंड इंजिनावर सुरू करून दोन-तीन मिनिटं स्लोवर ठेवा, पंधरा मिनिटं गावात चालवा, मग महामार्गावर ६० ते ८० च्या स्थिर वेगाने दहा-पंधरा मिनिटं, आणि जमल्यास एखादा चढ. असं काही दिवस करा. स्कॅनरमध्ये मॉनिटर (ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्या) ‘रेडी’ दिसले, पेंडिंग कोड रिकामे राहिले आणि चढावरची ट्रिम दहाच्या आत टिकली, तर दोष गेला. ट्रिम रोज एक-दोन टक्क्यांनी वर चढताना दिसली, तर लाइट लागायच्या आतच गाडी परत गॅरेजला न्या, आणि तेव्हाही आधी डेटा वाचायला सांगा.